तांडेलांना मी गप्प बसवलं

एका म्हाताऱ्या माणसाला खोटं सांगून मी त्याला अख्खा हिवाळा माझ्यासमोर बसवून ठेवलं. त्याला वाटत होतं, मी त्याच्या घरासाठी त्याचं चित्र काढतोय. मी ते माझ्यासाठी काढत होतो. पुढे लोकांना मी जी हकीकत सांगायचो, तिच्यात ते चित्र मुंबईच्या प्रदर्शनातून नकळत विकलं जायचं आणि मी हळहळायचो. नकळत काहीच झालं नव्हतं. विकलं जावं म्हणूनच मी ते पाठवलं होतं, आणि पाठवायचं हे पहिल्या बैठकीच्याही आधी ठरलेलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईत चित्रकलेचं शिक्षण पुरं करून, तिथे काही जमेना म्हणून मी रत्नागिरीला परत आलो होतो. बाजारपेठेच्या टोकाला एक दुकान भाड्याने घेतलं होतं. पुढच्या खोलीत पाट्या आणि नंबरप्लेटी रंगवायचो. नारळी पौर्णिमेच्या आधी बंदरावर जाऊन होड्यांवर नावं घालायचो. पण घर चालायचं ते मेलेल्या माणसांवर.

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी आले की त्यांतले काही वाट वाकडी करून माझ्याकडे यायचे. खिशात बापाचा नाहीतर आजाचा फोटो असायचा. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात कडेला उभा असलेला, नखाएवढं तोंड असलेला. कधी कधी फोटो मेल्यानंतरच काढलेला असे, नाकात कापूस, डोळे मिटलेले. तो माझ्या टेबलावर ठेवून मुलगा अगदी साधेपणाने सांगायचा, "पेंटर, डोळे उघडा नि कोट घाला."

मी डोळे उघडायचो, कापूस काढायचो, सुरकुत्या पुसायचो, रंग दोन छटांनी उजळ करायचो आणि कोट घालायचो. जन्मभर लंगोटी लावून नांगर धरलेली कितीतरी माणसं आज या जिल्ह्यातल्या भिंतींवर माझ्या एकाच करड्या कोटात बसलेली आहेत. यात फसवणूक आहे असं कुणाला वाटत नसे, मलाही नाही. आधी चेहरा धरायचा आणि जे कमी असेल ते मागाहून घालायचं, ही या धंद्याची रीतच होती. गिऱ्हाइकालाही ती पाठ असायची. याच रीतीचा मी पुढे फायदा घेतला.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक कपाट होतं. त्याच्या दाराला आतून मी एक छापील चित्र लावलं होतं. मुंबईत फुटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकातलं पान होतं ते. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा डच चित्रकाराने काढलेला एक म्हातारा. सगळं चित्र काळपट तपकिरी, विहिरीत डोकावून पाहावं तसं. त्यातून अर्धा चेहरा तेवढा वर आलेला. उजेड एकाच बाजूने पडलेला, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या पापणीतल्या ओलाव्यावर. बाकीचा चेहरा काळोखात, तरी तो तिथे आहे हे कळायचं. सुरकुत्या पुसलेल्या नव्हत्या. उलट, चित्रकाराने त्या एकेक करून जपल्यासारख्या वाटायच्या. दिवसभर मेलेल्यांचे डोळे उघडून कंटाळा आला की मी कपाट उघडून त्या म्हाताऱ्याकडे बघत उभा राहायचो. त्याला कुणी कोट घातला नव्हता. आपण एकदा तरी असं काहीतरी काढायचं, ते मुंबईला पाठवायचं आणि या पाट्यांमधून सुटायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

अशात दिवाळीनंतर तांडेल आले.

त्यांच्या मुलाच्या ट्रॉलरवर मी नाव रंगवलं होतं, त्या ओळखीने आले. मुलगा ट्रॉलरवर गेला, पण तांडेल स्वतः शिडाच्या मचव्यावरचे. मंगळूरची कौलं आणि मीठ भरून मुंबईला न्यायचं आणि परत यायचं, यात त्यांची उमर गेली होती. आता घरीच असत. दुकानाच्या दारात ते उभे राहिले तेव्हा ऊन त्यांच्या एका बाजूला होतं, आणि मी हातातला ब्रश खाली ठेवला. कपाटातला म्हाताराच दारात आलाय असं वाटलं. तशाच खोल घळी, तसंच जाड नाक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे तो डोळा पांढुरका, कवडीसारखा दिसत होता. काखेत कापडी पिशवी, तिच्यात घडी घातलेला कोट.

कोट जावयाचा आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग कामाचं बोलले. त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्नात कुणी काढला नाही, पुढे घरात फोटो निघाले तेव्हा ते दर्यात होते. एकदा जत्रेत काढला, त्यात नेमके हलले. थोरले भाऊ असेच फोटोवाचून गेले होते.

"पितरपाखात त्याच्या म्हाळाला पाटावर नारळ ठेवतात," तांडेल म्हणाले. "आता नारळाला डोळे असतात, तोंड असतं, सगळा असतं. पन ता सगळ्यांना सारखाच. नातवंडा नारळालाच पाया पडतात. मना नारळ नाय व्हायचा, पेंटर. जित्ता हाय तवर काढून घ्या."

ते हसले. त्यांचं हसणं मोठं होतं, एका बाजूचे दात गेलेले, त्यामुळे तोंड कलतं व्हायचं. हे मला आज सांगता येतं ते त्या एका दिवसामुळे. नंतर मी त्यांना फारसं हसू दिलं नाही.

मी हो म्हटलं. फोटो कशाला, रंगात काढतो म्हटलं. पैसे नकोत म्हटलं. ते गहिवरले. मुलाने पेंटरशी चांगली ओळख ठेवलीय, असं काहीतरी म्हणाले. मला तेव्हाच सांगता आलं असतं, की तांडेल, मला तुमचं एक चित्र माझ्यासाठी काढायचंय, आधी ते काढतो, मग घरचं काढतो. ते नक्की कबूल झाले असते. पण घरचं चित्र काढायचं म्हणजे पुन्हा करडा कोट, पुन्हा उजळ रंग. आणि मला भीती वाटली, की खरं सांगितलं तर ते आधी घरचं मागतील, आणि तेवढ्यात माझा उत्साह जाईल. म्हणून बोललो नाही. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळदा शोधून पाहिलंय.

दुसऱ्या दिवसापासून ते यायला लागले. खाडी होडीने ओलांडून, पुढे चालत. मागच्या खोलीला चिऱ्याच्या भिंती होत्या आणि एकच लहान खिडकी. तिचं खालचं दार मी लावून घेतलं, वरून येणारा उजेड तेवढा ठेवला. तांडेलांनी जावयाचा कोट घातला, बटणं लावली, टोपी सारखी केली आणि ताठ बसले. मी म्हटलं, कोट काढा. माझ्याकडे एक जुनी विटकी तपकिरी शाल होती, ती त्यांच्या खांद्यावर टाकली. टोपीही काढायला लावली.

"आणि कोट?" त्यांनी विचारलं.

"तो मागाहून घालतो," मी म्हटलं. "आधी चेहरा धरतो."

त्यांनी मान हलवली. त्यांना ही रीत माहीत होती. त्यांच्या वाडीतल्या निम्म्या घरांत माझे मागाहून घातलेले कोट होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्याचंही विचारलं, आणि तोही मागाहून सरळ करतो, असं मी सांगितलं. हे सांगत असतानाच तो पांढुरका डोळा कसा पकडायचा याचा मी विचार करत होतो. सगळ्या चित्राचा जीव त्या डोळ्यात होता.

तांडेल बोलके होते. बसल्या बसल्या त्यांना गोष्टी आठवायच्या. एकदा मालवणच्या पुढे वादळात डोलकाठी मोडली, ती त्यांनी सुरू केली. पण बोलायला लागले की गालाच्या घळी हलायच्या, उजेड सरकायचा. मी म्हणायचो, तांडेल, हलू नका. मग म्हणायचो, तांडेल, बोलू नका. ते थांबायचे, पुन्हा विसरायचे, पुन्हा सुरू व्हायचे. एकदा मी जरा चिडूनच बोललो.

"मेल्यावर गप्पच बसायचाय पेंटर," ते म्हणाले, "आता तरी बोलू दे की."

पण त्यानंतर ते खरंच गप्प झाले. ओठ मिटून बसायचे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक जड, खिन्न भाव यायला लागला. मला तेच हवं होतं. त्या डच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तोच होता. मोडलेल्या डोलकाठीचं पुढे काय झालं, मचवा कसा परत आला, हे मला अजून माहीत नाही.

चित्र चांगलं झालं. हे सांगायला संकोच वाटतो, पण ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे. बर्न्ट अंबरचे, त्या गडद तपकिरी रंगाचे, पातळ थर एकावर एक दिले, काळोखात कान आणि मान जेमतेम दिसतील एवढीच ठेवली, आणि उजेडाच्या जागी पांढरा जाड लावला, रंगाच्या सुरीच्या पातीने. डोळ्यातला मोतीबिंदू एकाच फटकाऱ्यात जमला, त्याला पुन्हा हात लावावा लागला नाही. तांडेलांना मी ते पाहू दिलं नाही. जाताना ते झाकलेल्या चित्राकडे बघायचे आणि विचारायचे, कोट झाला का? मी म्हणायचो, होतोय.

मग एक दिवस मी त्यांना म्हटलं, आता बसायची गरज नाही, बाकीचं मी करतो. ते खूश होऊन गेले. चित्र फळ्यांच्या खोक्यात घालून मी ते एसटीच्या टपावरून मुंबईला नेलं. तिथल्या एका वार्षिक प्रदर्शनात ते लागलं, त्याला बक्षीस मिळालं, आणि कुणा हौशी गृहस्थांनी ते विकत घेतलं. चित्राचं नाव मी दिलं होतं, 'वृद्ध'.

पेपरात बक्षिसाची बातमी आली, सोबत चित्राचा फोटो. पेपरातला फोटो म्हणजे सगळी शाई. काळोख होता तो आणखी काळा झाला, त्यातून अर्धं तोंड आणि तो पांढरा डोळा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा फोटो पेपरात एकाच कारणाने यायचा. कलाप्रदर्शनाची बातमी कोण वाचणार? तांडेलांची लेक दापोलीकडे बुरोंडीला दिली होती. तिच्या शेजारणीने पेपर दाखवला, तिने बापाचं तोंड ओळखलं, आणि मजकूर वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू झाली. जावई, लेक, दोन जावा, सगळे मिळेल त्या एसटीने निघाले. वाडीच्या तोंडाशी येताच लेकीने हंबरडा फोडला. तांडेल अंगणात जाळं विणत बसले होते. कोण गेलं म्हणून तेही उठून रस्त्यावर आले.

ही गोष्ट बंदरावर महिनाभर पुरली. तांडेल स्वतः ती रंगवून सांगायचे म्हणे, की जावा मना बघून भुतासारख्या पळाल्या, नि जावयाने आधी विचारला, कोट कुठाय माजा. मला ते मुलाकडून कळलं. ऐकून मी हसलो आणि मनातून सुटल्यासारखं झालं. माणूस हसतोय म्हणजे रागावलेला नाही, असं मी धरून चाललो.

थोड्याच दिवसांनी ते दुकानात आले. हातात पेपरचं कात्रण होतं, चारी बाजूंनी नीट दुमडलेलं. ते त्यांनी टेबलावर पसरलं.

"मी असा दिसतंय?" त्यांनी विचारलं.

पेपरात नीट येत नाही, मूळ चित्र फार वेगळं आहे, असं मी सांगितलं.

"मग ता कधी आणताव?"

मी म्हटलं, तांडेल, काय सांगू, ते तिकडेच विकलं गेलं. माझ्या हातात काही राहिलं नाही. आणि जे बोललो ते असं चेहरा पाडून बोललो की तेच माझी समजूत घालायला लागले. असू दे, म्हणाले. तुझा नाव झाला ना. मग हळूच म्हणाले, की लेक त्या दिवशी रडली ती रडली, पण रात्री जेवताना बोलली, बाबा, तुम्ही खरंच गेलात तर आम्हाला हेच तोंड बघत बसावं लागणार काय?

मी त्यांना वचन दिलं. दुसरं काढतो. कोटासकट, टोपीसकट, दोन्ही डोळे सरळ. पावसाच्या आत.

बक्षिसामुळे मला एका शाळेत चित्रकलाशिक्षकाची नोकरी लागली. दुकान संध्याकाळपुरतं उरलं. तांडेल त्या उन्हाळ्यात येत राहिले. रत्नागिरीच्या उन्हात तो जाड कोट अंगात घालूनच यायचे, कारण पेंटरला वेळ झाला तर लगेच बसता यावं. बाकावर बसायचे, घाम पुसायचे. मी म्हणायचो, आज शाळेचे पेपर तपासायचेत. आज उजेड नाही. पुढच्या आठवड्यात नक्की. खरं म्हणजे त्यांना समोर बसवायची मला लाज वाटत होती, आणि ती लाज मला कामाच्या गडबडीसारखी वाटायची. पुढे त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलं. मी कधी खाडी ओलांडून गेलो नाही. बंदरावर मुलगा भेटला की विचारायचो, तांडेल कसे आहेत? बरे आहेत, तो म्हणायचा. असं करता करता काही वर्षं गेली.

त्यांना ताप आला आणि चार दिवसांत गेले, तेव्हा मी मुंबईला होतो. दुसरं एक चित्र लावायला.

दिवसकार्य झाल्यानंतर त्यांची बायको दुकानात आली. त्यांना मी काकी म्हणायचो. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, की तांडेलांचा फोटो करायचाय. मुलाने सगळीकडे शोधलं, एकही नाही. पेपरातलं ते कात्रण आहे, पण ते मुलं बघत नाहीत, घाबरतात. मी म्हटलं, काकी, फोटोशिवाय कसं करणार?

"तुमी तरी त्यांना बघितलाव," त्या म्हणाल्या. "एवडे दिस समोर बसत व्हते. आमी घरच्यांनी कवा एवडा बघितला? कामाच्या नादात माणूस बघतो कुठं. तुमी आठवून काढा."

मी बसलो. शाळेतून आलो की रोज बसायचो. कागदांमागून कागद घेतले. मला त्यांच्या कपाळावरची एकेक रेघ येत होती. उजव्या गालाची घळ हात आपोआप काढायचा. पण प्रत्येक वेळी तोच चेहरा यायचा, ओठ मिटलेला, खिन्न, एका बाजूने उजळलेला. मी दुसरी बाजू उजळायला गेलो तर तिथे काय होतं ते मला माहीतच नव्हतं, कारण ती मी कधी पाहिलीच नव्हती. हसवायला गेलो तर तोंड कुठल्या बाजूला कलायचं, यावर हात अडायचा. मी त्या माणसाकडे कुणीही पाहिलं नसेल इतका वेळ पाहिलं होतं, आणि मला तो माणूस आठवत नव्हता. मला माझं चित्र आठवत होतं.

शेवटी धंद्यातली सगळी युक्ती वापरली. डावी बाजू उजवीसारखीच केली. मोतीबिंदू काढला. कोट घातला, टोपी घातली, मागे निळसर रंग दिला. ओठांच्या कडा थोड्या वर केल्या. काच लावून घेतली, कागदात गुंडाळलं आणि होडीने पलीकडे गेलो.

तोपर्यंत मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मुलगा ट्रॉलरवर होता. सून पाणी देऊन आत गेली. काकींनी हात पुसून कागद सोडवला, चित्र मांडीवर धरलं आणि बघत राहिल्या. मग ते थोडं लांब धरलं. मग दारापाशी उजेडात नेलं.

"कोट बराबर हाय," त्या म्हणाल्या.

मग परत येऊन बसल्या.

"तुमी मेहनत केलीव. पन पेंटर, ह्ये ते नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मला समजावून देत होत्या. "असे गप्प बसलेले मी त्यांना कदी बघितलेच नाय. झोपेत सुदा बडबडत व्हते." त्या थोडं हसल्या, आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, की यात तुमचा दोष नाही, तुमचं पहिलं चित्र तिकडे गेलं ते नशीब, तांडेल कायम म्हणायचे, पेंटरचा जीव तुटला त्या चित्रासाठी, त्याला कोणी बोलू नका.

इतकी वर्षं त्या घरात माझ्याबद्दल हे बोललं जात होतं. मला वाटलं होतं, चित्र देऊन, चहा घेऊन उठायचं. उठलोही होतो. पण ते ऐकल्यावर पुन्हा खाली बसलो, आणि मान वर न करता म्हणालो,

"काकी, नशीब नव्हतं ते. ते चित्र मी तुमच्या घरासाठी काढलंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. मुंबईला पाठवून नाव मिळवायचं, म्हणून त्यांना बसवलं. कोट मागाहून घालतो हे खोटं सांगितलं, नकळत विकलं गेलं म्हणालो तेही खोटंच होतं. ते बोलायला लागले की गप्प करायचो, हसले की थांबवायचो. नंतर ते कोट घालून यायचे तेव्हा मला वेळ होता काकी, मी दिला नाही. चुकलो मी. हे त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. तुमची माफी मागतो."